खारपाणातला समुद्र

समुद्र मुंबईला असतो असं भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं आहे, पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने माझ्या साडूंचं अमरावतीचं घर पाहिलेलं नसणार. समुद्र तिथे होता. पलंगाखालच्या ट्रंकेत होता, माळ्यावर होता, न्हाणीघरातल्या घंगाळात होता, आणि पावसाळी हवेत तर कोटाच्या खिशातूनही त्याचा वास येई. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने शाळेत शास्त्राचे मास्तर, उंचीने दाराच्या चौकटीएवढे, अंगाने काडी, आणि आवाज असा की वर्गात कुजबुजले तरी शेजारच्या वर्गाचा धडा थांबायचा. जन्म वऱ्हाडातला, शिक्षण वऱ्हाडातलं. सुताच्या गिरणीवर एखादा मनुष्य जीव टाकेल, संत्र्याच्या बागेवर टाकेल, ते मी समजू शकतो. पण जिथून समुद्र चारशे मैल लांब आहे तिथल्या माणसाने समुद्रावर जीव टाकायचा आणि तो इतरांच्याही गळ्यात बांधायचा, याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विशीत कधीतरी ते एका लग्नासाठी मुंबईला गेले, लग्न सोडून दोन दिवस चौपाटीवर बसले, आणि परत आले ते असे झालेले.

त्यांचा हट्ट साधा होता आणि तो त्यांनी माझ्यासकट भेटेल त्याला ऐकवला होता. वऱ्हाडातल्या एका तरी पोराच्या तळहातावर समुद्रातला जिता जीव चालला पाहिजे. चित्र नको, बाटलीतला मेलेला नको, जिता पाहिजे. "चित्रातलं पाहून पोट्टे म्हनतात, हो मास्तर," ते सांगत, "अन् हातावर चाललं म्हंजे काहीच म्हनत नाईत. थेच पाह्यजे मले." शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा त्यांना विचारलं की अभ्यासक्रमात समुद्र एका पानाचा, तुम्ही दोन महिने तेच का शिकवता, जवारी-कापसाचं काही सांगा. साडू म्हणाले, "जवारी मी काय सांगू, साहेब? थे तर पोट्टेच मले शिकवतात." साहेबांनी शेरा काय लिहिला ते कळलं नाही, पण त्या वर्षी साडूंची बढती हुकली एवढं मात्र सगळ्या नातेवाइकांना कळलं.

त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हा सांगायच्या तर वलगावच्या बाजारापासून सुरुवात करावी लागेल. देवमासा केवढा असतो हे मुलांना सांगून पटेना, म्हणून साडू वर्ग घेऊन बाजाराच्या दिवशी वलगावला गेले आणि रस्त्याने कापूस भरून चाललेल्या पाच बैलगाड्या त्यांनी हात आडवा करून थांबवल्या. एकीच्या मागे एक, बैलांसकट, फट न ठेवता उभ्या करवल्या. मग पहिल्या बैलाच्या नाकापासून शेवटच्या गाडीच्या पाटीपर्यंत ते स्वतः चालत गेले आणि म्हणाले, "हा एक मासा." मुलं गप्प झाली. गाडीवाले झाले नाहीत. "आमच्या गाडीले काहून मासा बनवून राहिले, मास्तर?" असं एकाने विचारलं, आणि पाठीमागे अडकलेल्या वीस-पंचवीस गाड्यांनी जे विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मधल्या गाडीवाल्याला समजावलं की तुम्ही जिथे बसला आहात तिथे माशाचं काळीज येतं. तो बिचारा घाईघाईने खाली उतरला.

घरातली गत याहून वाईट. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले तारामासे, समुद्रघोडे आणि ज्यांना मराठीत नावही नाही असे काही ओशाळलेले जीव त्यांनी चिनीमातीच्या बरण्यांत भरले होते, कारण काचेच्या बरण्या शाळा देईना. लोणचंही तसल्याच बरण्यांत. एकदा जेवताना मी लोणचं मागितलं, बायकोच्या बहिणीने, म्हणजे आमच्या ताईंनी, बोलता बोलता बरणी आणून माझ्यासमोर दादरा सोडला, आणि आतून आठ हातांचं काहीतरी माझ्याकडे पाहू लागलं. नाक आणि भूक दोन्ही जागच्या जागी बंद झाली. तेव्हापासून त्या घरी मी कोशिंबिरीवर भागवत आलो. ताईंनी मात्र संसार केला. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्हाला या सगळ्याचं काही वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "दुसऱ्याईचे नवरे पत्ते खेळतात. याईचे खेकडे तरी बोलत नाईत."

माझ्यापुरता या समुद्राचा जाच तारेने सुरू होई. मी अकोल्याला कचेरीत कारकून, आणि मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी अकोल्याला थांबते, हाच माझा गुन्हा. साडू दिवाळीच्या आणि थंडीतल्या सुटीत मुंबईला जात, खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून जीव गोळा करत आणि निघताना मला तार ठोकत: 'समुद्र येतो. पंप आणणे.' तार आली की आमच्या घरी आधी रडायचं आणि मग वाचायचं अशी पद्धत असल्यामुळे बायको दरवेळी रडून घेई. मग मी सायकलचा पंप घेऊन फलाटावर उभा. गाडी थांबली की तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून साडू अर्धे बाहेर लोंबत, मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यावर ओलं पोतं. मी पंपाची नळी डब्यातल्या पाण्यात सोडायची आणि गाडी सुटेपर्यंत हवा भरायची. बुडबुडे येत, वास येई, आजूबाजूला माणसं जमत. एक हमाल दरवेळी तोच प्रश्न विचारी, "काय हाय साहेब याच्यात? दूध फाटलं का?" कचेरीतला एक तरी माणूस नेमका त्याच वेळी कोणाला तरी पोचवायला आलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोणीतरी सायकलचा पंप ठेवी.

एवढं करून डब्यात जिवंत काही नसेच. मी झाकण उघडून पाहावं, सगळे उताणे. आणि साडूंचं उत्तर ठरलेलं: "भुसावळपर्यंत जिते होते." वर्षानुवर्षं हे चाललं. भुसावळला उकडतं हे खरं, पण एवढ्या मृत्यूंचा भार एका स्टेशनावर टाकणं मला पटत नसे. बडनेऱ्याला गाडी बदलून ते अमरावतीला घरी जात, मेलेल्यांना बरण्यांत भरत आणि पुढच्या सुटीची वाट पाहत.

मग कधीतरी त्यांना शंखातल्या खेकड्याचा शोध लागला. हा प्राणी दुसऱ्याने टाकून दिलेल्या शंखात घुसून राहतो आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. खाडीतला असल्यामुळे काटक, ओल्या पोत्यात दोन-तीन दिवस काढणारा. पहिल्यांदा असे चार खेकडे चक्क जिवंत अमरावतीला पोचले. साडूंनी ते घंगाळात ठेवले आणि सकाळी वर्गावर न्यायचे म्हणून नवं धोतर काढून ठेवलं. पण कार्तिकमासासाठी आमच्या सासूबाई तिथे मुक्कामाला होत्या. पहाटे न्हाणीघरात त्यांना शंख दिसले. जावयाने आपल्यासाठी मुंबईहून देवाला शंख आणले, हे पाहून त्या माउलीला भरून आलं. त्यातला देखणा एक त्यांनी निवडला, विहिरीच्या पाण्याने घासून धुतला, गंध लावलं, तुळस वाहिली आणि बाळकृष्णाच्या शेजारी बसवला. बाकीचे तीनही उद्यापरवासाठी धुऊन ठेवले. आरती निम्म्यावर आली आणि शंख उठला. सहा-सात पाय बाहेर काढून त्याने बाळकृष्णाला बाजूला ढकललं आणि तो नैवेद्याच्या साखरेकडे निघाला. सासूबाई आडव्या झाल्या. भीतीने नव्हे, भक्तीने. त्यांच्या हाका ऐकून साडू धावत आले, आणि समोरचा साक्षात्कार पाहून त्यांनी एकच गोष्ट विचारली, "पानी कोनतं घातलं, आई?"

"हिरीचं. चांगलं गोडं."

साडू तिथेच पाटावर बसले. संध्याकाळपर्यंत चारही गेले. सासूबाईंच्या मते ते देवाच्या चरणी गेले, साडूंच्या मते गोड्या पाण्याने गेले. आत खेकडा होता हे कळल्यावर सासूबाईंनी स्वतःला तीन आणि देवांना पाच आंघोळी घातल्या. शाळेत त्या दिवशी साडू नवं धोतर नेसून मोकळ्या हाताने गेले, आणि मुलांना त्यांनी सबंध तास गणित घातलं. हे मला ताईंनी सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत.

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. मी त्या काळी सुधारक म्हणून प्रसिद्ध होतो. वाचनालयाच्या वार्षिक सभेत समतेवर माझं भाषण ठरलेलं असे आणि त्याला टाळ्याही ठरलेल्या असत. साडू भाषणं करत नसत. त्यांना समतेवर काय वाटतं हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनाही समुद्राखेरीज काही वाटत असेल असा मला संशय आला नव्हता.

बाळापूरच्या पलीकडे एका खेड्यात साडूंचा एक जुना विद्यार्थी शाळेवर गुरुजी म्हणून लागला होता. त्याने बोलावलं आणि साडू थंडीच्या सुटीत मुंबईहून थेट अकोल्याला उतरले. डब्यात समुद्राचं पाणी, पोत्यात शंखातले तीन खेकडे, तिन्ही जिवंत. भुसावळ पार झालं होतं. साडूंचा चेहरा मुलगी बघायला निघालेल्या मुलासारखा झाला होता. "साडूभाऊ, तुमी चला," ते म्हणाले. "डबा धराले मानूस पाह्यजे." मी रजा टाकली. मोटारीने बाळापूर, पुढे बैलगाडी. ती वाट अशी की डबा मांडीवर घेतला तर मांडी जाई आणि खाली ठेवला तर डबा. एका नाल्यात चाक आपटलं, डब्याचा जोड उसवला, आणि मुंबईपासून सांभाळून आणलेला समुद्र बाळापूर तालुक्याच्या धुळीत झिरपून गेला. मी खिशातला रुमाल जोडावर दाबून धरला होता, पण उशीर झाला होता. गावात शिरलो तेव्हा पोतं वाळून दोन खेकडे गेले होते. तिसरा अंग शंखात पार आत ओढून बसला होता. साडूंनी शंख कानाशी धरला. "हाये," ते म्हणाले. "पन पानी पाह्यजे. लवकर."

शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. पाटलांनी खुर्च्या मांडल्या होत्या. पाणी पाहिजे म्हटल्यावर त्यांनी पितळेचा हंडाच पुढे केला. आता हे वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं की पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा मुलूख खारपाणपट्टा. विहीर खणली की खारं पाणी लागतं. गावात गोडं पाणी लागलेली विहीर एकच, देवळामागची, आणि तिचा पाटलांना मुलापेक्षा अभिमान. साडूंनी हंड्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि हंडा परत केला.

"गोडं नको," ते म्हणाले.

"साऱ्या तालुक्यात असं पानी नाई," पाटील म्हणाले, "अन् तुमी नको म्हनून राहिले?"

"गोड्यानं मरते हे. चार मेले मायाकडे. खारं कोठी हाये?"

खारी विहीर कुठे आहे हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती गावाच्या खालच्या अंगाला होती, नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीची. देवळामागच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नसत, म्हणून ते वर्षानुवर्षं खारं पीत आले होते. गुरुजी आपल्या पायांकडे पाहत राहिले. तेवढ्यात ओट्याच्या पार टोकाला, इतर मुलांपासून हातभर सोडून बसलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. शांता तिचं नाव. ती म्हणाली, "आमच्या हिरीचं खारं हाये."

"किती खारं?" साडूंनी विचारलं.

"दाय शिजत नाई."

डाळ शिजू न देणारं पाणी! एवढं समाधानकारक उत्तर साडूंना कोणत्याही विद्यार्थ्याने दिलं नसावं. ते तिच्यामागून तरातरा निघाले, मागून आम्ही. शांताने बादली ओढून घमेल्यात ओतली. साडूंनी ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं, आणि धोतराच्या सोग्यातून खडेमिठाची पुडी काढली. मूठभर मीठ घालायचं, ढवळायचं, चाखायचं, मान हलवायची, पुन्हा मीठ. लग्नघरात आचारी आमटीशी जेवढा झटत नाही तेवढे ते त्या घमेल्याशी झटले. मग घमेलं स्वतः उचलून अंगणात आणलं, मध्ये ठेवलं आणि शंख आत सोडला.

शंख तळाशी जाऊन पडला. सगळे वाकून पाहत होते. साडू उकिडवे बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांच्या खेपा, इतक्या बरण्या, आणि आता हा एक उरला होता. "मेलं थे," पाटील म्हणाले. साडूंनी वरही पाहिलं नाही. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग शंखाच्या तोंडाशी एक पट्ट्यापट्ट्याचा पाय आला, चाचपून परत गेला, पुन्हा आला, आणि शंख चालायला लागला. मुलं काहीच म्हणाली नाहीत.

"आता सगळ्याईनं पान्यात हात घालाचा," साडू म्हणाले. "समुद्र पहिले हाताले समजला पाह्यजे."

"त्या पान्यात आमचे पोट्टे हात घालनार नाईत," पाटील म्हणाले. आवाज चढवला नव्हता, चढवायची गरज नव्हती.

साडू तसेच उकिडवे. "काहून? तुमच्या भाकरीतलं मीठ कोनाच्या पान्यातलं हाये, इचारलं काय कधी? मुंबईत त्याच्यात सारं जग हात धुते. हे आता तिच्या हिरीचं पानी नाई, पाटील. हा समुद्र हाये. याच्यात ज्याले हात नाई घालाचा त्यानं घरी जाऊन अळनी जेवाव." मग ते शांताकडे वळले. "ये बाई. पानी तू आनलं, पहिला हात तुवा."

तिने तळहात पाण्यात धरला. शंख थांबला, वळला आणि तिच्या हातावर चढला. बोटांवरून मनगटाकडे निघाला. "गुदगुल्या करते," ती हळूच म्हणाली. आणि मग कोणालाच थांबवता आलं नाही. एक हात आला, दोन आले, पाटलांचा नातू आजोबांच्या धोतराआडून आला, आणि त्या एवढ्याशा घमेल्यात इतके हात झाले की खेकड्याला जागा उरेना. पाटील उठून गेले. नातू गेला नाही.

साडूंनी मान वर करून मला पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "साडूभाऊ, घालजा हात."

आणि मी, वाचनालयाचा सुधारक वक्ता, घड्याळ काढून म्हणालो, "मोटार चुकेल. आणि हात आत्ताच पुसलेत मी."

साडू माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. "बरं," ते म्हणाले, "पुढच्या टायमाले." परतीच्या वाटेवर त्यांनी याचा एक शब्द काढला नाही. रिकामा डबा मांडीवर घेऊन ते गाडीवाल्याला भरती-ओहोटी समजावत होते.

खेकडा त्यांनी घमेल्यासकट शांताच्या हवाली केला होता. पंधरवड्याने गुरुजींचं कार्ड आलं: खेकडा अकरा दिवस जगला, शांता रोज पाणी बदलून मीठ घालत होती, आणि तो पाहायला मुलं वस्तीत जात होती. ते कार्ड साडूंनी कोटाच्या खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला वाचून दाखवलं, न मागता, रस्त्यात थांबवून, पाच गाड्या थांबवल्या होत्या त्याच हक्काने. मला मात्र त्यांनी ते कधी वाचून दाखवलं नाही. नुसतं हातात दिलं.

पुढची खेप झाली नाही. छातीचं दुखणं निघालं आणि दोन वर्षांत साडू गेले. तार आली तेव्हा बायको आधी रडली, आणि मी सवयीने पंप शोधायला उठलो.

गेल्या वर्षी मतदारयादीच्या कामाने मला त्या खेड्यात जावं लागलं. शाळा तीच, ओटा तोच. काम उरकल्यावर मी खालच्या अंगाला विहिरीवर गेलो. शांताची आई पाणी भरत होती. शांता अकोल्याला नर्सिंग शिकते म्हणाली. मी प्यायला पाणी मागितलं तेव्हा ती संकोचली.

"साहेब, गोडं पाह्यजे तं देवळामागं मिळते. हे खारं हाये."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि ओंजळ पुढे केली. तिने बादली कलती केली. पाणी चांगलंच खारट होतं, घशाला लागलं, आणि डोळ्यांत आलं त्याला पाण्याचं निमित्त मिळालं. ती बादली खाली ठेवणार होती. मी ओंजळ तशीच धरून ठेवली आणि म्हटलं, अजून.